शोभीचा हवेतला फोटो

आमच्या घरात देवाचं नाव कमी आणि 'हलू नका' हे दोन शब्द जास्त घेतले जायचे. कळंबच्या स्टँडाकडून बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो स्टुडिओ होता. पुढं स्टुडिओ, मागं घर आणि मध्ये एकच दार, त्याला फुलाफुलांचा पडदा. पडद्याच्या अलीकडं आई भाकरी थापायची आणि पलीकडं अण्णा कुणाच्या तरी हनुवटीला बोट लावून मान वळवायचे. "हं, अस्संच. आता हलू नका." मग फ्लॅश भरताना त्याची चढत जाणारी बारीक शिट्टी ऐकू यायची, चीं... आणि फट्ट. त्या फट्टबरोबर पडद्याच्या फटीतून उजेडाची एक रेघ चुलीपर्यंत यायची आणि जायची. अण्णा हा धंदा शिकले ते मोठ्या बल्बांच्या जमान्यात, जेव्हा माणसाला श्वास धरून बसवावं लागायचं. नंतर पांढऱ्या छत्र्या लावलेले दोन फ्लॅश आले, बल्ब नुसते उजेडापुरते उरले, पण 'हलू नका' काही गेलं नाही. लहान लेकरू, नवरदेव, काठी टेकत आलेली म्हातारी, सगळ्यांना एकच हुकूम. मलासुद्धा. मी जरा अंगणात दोरीवरच्या उड्या मारायला लागले की आतून आवाज यायचा, "वैजू, एका जागी बस की जरा!"

मोरी हीच आमची अंधारखोली. दुपारी अण्णा आत फोटो धुवायला बसले की कुणाला हातपाय धुवायचे असले तरी बाहेर ताटकळत उभं राहावं लागायचं. एकदा पाहुणे आलेले काका अर्धा तास साबण हातात घेऊन उभे होते. आत तांबडा बल्ब, ट्रेमधलं पाणी, दोरीवर चिमट्यांनी लटकलेले ओले फोटो. फोटो पक्का करायच्या हायपोचा आंबूस वास आणि आईच्या पुरणाच्या येळवणीच्या आमटीला घातलेली लसणाची फोडणी हे दोन्ही वास माझ्या नाकात असे एकमेकांत मुरलेत की आजही कुठं लसूण चरचरला की मला ओले फोटो आठवतात. लोकांना लहानपण आठवलं की मोगरा आठवतो म्हणे. आठवू दे बापडा.

माझी कामं ठरलेली. आलेल्या पोरीला पावडर लावायची, पदराच्या निऱ्या बसवायच्या, कंगवा द्यायचा आणि मागून पुसून ठेवायचा. आणि मुख्य काम डागांचं. निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल, नाहीतर छापलेल्या फोटोवर ब्रश फिरवायचा, की देवीचे वण, तीळ, भाजल्याच्या खुणा सगळं साफ. माझा हात चांगला होता. पंचक्रोशीतल्या किती पोरी माझ्या पेन्सिलीतून गुळगुळीत होऊन लग्नाच्या बाजारात गेल्या, त्याची गणती नाही. कॅमेऱ्याला मात्र हात लावायचा नाही. अण्णांचं म्हणणं, "पोरीनं कॅमेरा धरला की गिऱ्हाईक बुजतंय." गिऱ्हाईक काय बैल आहे बुजायला! पण हे मी तेव्हा मनातच म्हणायचे, आता लिहून ठेवते.

शोभी माझ्या वर्गातली, आमच्याच गल्लीत राहायची. खो-खो खेळायची. आमच्या जिल्ह्यात पोरींचा खो-खो म्हणजे काय हे बाहेरच्याला समजवावं लागतं, आम्हाला नाही. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी शोभी पळायला लागली की ऊसतोडीची गाडीसुद्धा कडेला घेऊन माणसं बघत थांबायची. पळणाऱ्या पोरीला गाठायला ती जो सूर मारायची, तो मारताना तिचं अंग सगळं आडवं होऊन जमिनीवरून जायचं, हात पुढं ताणलेला, आणि धूळ मागाहून उठायची. एकदा खांबापाशी सूर चुकला, हनुवटी जमिनीला लागली आणि टाके पडले. तो वण राहिला. चौथ्या दिवशी ही बया पट्टी लावून परत मैदानावर.

तिचे वडील ती लहान असतानाच वारले होते, आई थकलेली. थोरला भाऊ भास्करदादा आडतीवर मुनीम होता, त्यानंच घर ओढलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण लोक काय म्हणतील या भुतानं झपाटलेला. शोभीची राज्याच्या खेळाला निवड झाली आणि त्याच आठवड्यात तिला एक स्थळ आलं. झालं! दादानं तिचे बूट माळ्यावर टाकले आणि तिला साडी नेसवून आमच्याकडं फोटोला घेऊन आला. मागं रंगवलेला बगीचा, बाजूला प्लास्टिकची फुलदाणी, त्यावर हात. शोभी खांबासारखी उभी. "अण्णा," भास्करदादा म्हणाला, "असा काढा की पाहुण्यानं नाव ठेवाय नको. आन् हनुवटीवरचा डाग तेवढा काढून टाका." अण्णांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी पेन्सिल घेतली आणि डाग काढला. ते माझं कामच होतं.

फोटो न्यायला शोभी एकटीच आली. फोटो उजेडाला धरून बघितला. मग म्हणाली, "ही कोण गं?"

"कोण म्हंजे? तू."

"मी न्हाय बाई. ही लई गप बसलेली दिसतीया." मग पडद्याच्या आत येऊन चुलीजवळ बसली, आईनं दिलेला धपाटा दह्यात बुडवून खात खात बोलायला लागली. "वैजे, दादानं सांगितलंय, राज्याला जायचं न्हाय. पाव्हण्यांनी होकार दिला की खेळ बंद. एक सांगू? म्या एवढे सूर मारले, पन सूर मारताना मी कशी दिसते ते म्या कधी बघितलंच न्हाय. सगळ्या गावानं बघितलं, मलाच दिसलं न्हाय. मला एकदा दाव. मंग काय व्हायचंय ते हू दे."

हे ऐकून माझ्या डोक्यात जे पेटलं ते पेटलंच.

अण्णा लोहाऱ्याला आत्याकडं गेले, त्या दुपारी मी कपाटातून लग्नात वापरायचा कॅमेरा काढला. त्याच्या चकतीवर मोठे आकडे होते. माझा हिशोब साधा, पोरगी जोरात पळते ना, मग शटर पण जोरात पळवायचं. सगळ्यात मोठ्या आकड्यावर चकती फिरवली, फ्लॅशची वायर जोडली, बल्ब सगळे लावले, खाली दोन गाद्या टाकल्या. शोभी पळत आली, सूर मारला, मी बटण दाबलं. संध्याकाळी मोरीत बसून फिल्म धुतली, आणि फोटो ट्रेमध्ये उमटायला लागला तशी मी ट्रेवर वाकले. पाय आले. पोटऱ्या आल्या. कमरेपर्यंत पोरगी आली, आणि तिथून पुढं कोळशासारखं काळं. अर्धा फोटो होता, अर्धा नव्हताच. आई दारातून डोकावली. "अगं बाई, डोकं कुठंय पोरीचं?" मी म्हणाले, "यायचंय अजून." आज कुणालाही विचारा, सांगेल, फ्लॅश पडतो तेव्हा त्या वेगात शटरचा पडदा अर्धाच उघडलेला असतो. मला तेव्हा कोण सांगणार? ज्यांना विचारायचं त्यांच्यापासूनच लपवलं होतं.

लपलं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांना दोरीवर ते बिनमुंडक्याचं भूत दिसलं आणि घर डोक्यावर घेतलं त्यांनी. "हलतंय त्या माणसाचा फोटो निघत नसतोय! कितीदा सांगायचं? माणूस थांबवावा लागतोय!" मी पहिल्यांदाच उलटून बोलले. म्हणाले, "अण्णा, माणूस नसंल थांबायचा तर?" त्यांनी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. आमची जिद्द वाढवायची असेल तर कुलूप घालावं, दुसरं काही करू नये.

उत्तर सापडलं ते वर बघितल्यावर. एका फ्लॅशची तक्रार होती, मध्येच फुटायचा नाही. अण्णांनी मला सांगितलं, "जरा चार-पाच वेळा मारून बघ गं." उन्हाळ्याचे दिवस, पंखा घरघरत होता. बल्बांनी घाम निघतो म्हणून मी ते घालवले, दार लोटलं, आणि अंधारात बटण दाबलं. फट्ट. उजेड पडला तेव्हा माझी नजर वर होती. पंख्याची तिन्ही पाती जागच्या जागी उभी! त्यावरची धूळसुद्धा दिसली. मला वाटलं, लाईट गेली. पण नाही, वारा तर लागत होता, घरघर चालू होती. परत दाबलं. परत पाती उभी, दुसऱ्याच जागेवर. मग बल्ब लावून दाबलं, तर पात्यांचा नुसता फिरता धूर. मी वेड्यासारखी बल्ब लावतेय, घालवतेय, फट्ट, फट्ट. आई आतून ओरडली, "वैजे, काय दिवाळी हाय का?" दिवाळीच होती की! शटर कितीही सुस्त असू दे. खोलीत अंधार असला तर कॅमेऱ्याला फक्त तेवढंच दिसतं जेवढं फ्लॅशनं दाखवलं, आणि फ्लॅशचा उजेड पापणीच्याही आधी येऊन जातो. माणसाला थांबवायची गरजच नाही. बाकीचा उजेड थांबवायचा.

अण्णांना ओढत आणून दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा स्वतः बटण दाबलं. मग म्हणाले, "बरं मग? पंख्याचा फोटो कोन काढतंय?" आणि गेले.

मी दुसऱ्या दिवशी संप केला. खरंच सांगते, संप. पेन्सिल आणि ब्रश दोन्ही त्यांच्या पुढ्यात ठेवले. "शोभीचा फोटो काढू द्या, न्हायतर म्या डाग भरनार न्हाय." अण्णा हसले. पण लग्नसराई होती. तीन दिवसांत टेबलावर तीळवाल्या, वणवाल्या, फुटकुळ्यावाल्या पोरींचा ढीग साठला, आणि त्यांचे बाप काउंटरवर उभे राहून "झाला का फोटो?" विचारायला लागले. अण्णांनी स्वतः पेन्सिल धरून बघितली. एका बिचारीच्या गालावर त्यांनी असा पांढरा ठिपका केला की ती पावडरीऐवजी चुना लावून आल्यागत दिसायला लागली. त्यांनी जानव्याची किल्ली सोडून माझ्यापुढं टाकली. "एक रोल. त्याच्यावर एक फोटो बी न्हाय."

रविवारी भर दुपारी स्टुडिओ बंद ठेवला. पळत यायला जागा पुरेना, म्हणून शोभीची धाव मागच्या खोलीतून सुरू करायची ठरली. आईनं चूल विझवली, खिडक्यांना गोधड्या टांगल्या आणि भांड्यांची उतरंड दोन्ही हातांनी धरून भिंतीला टेकून बसली. "माझ्या मडक्याला धक्का लागला तर बघ, दोघींची बी खैर न्हाय." मोरीतला तांबडा बल्ब काढून कोपऱ्यात लावला, शोभीला गादी दिसावी इतकाच. तेवढ्याशा उजेडानं फिल्मला काही होत नव्हतं. पण मला त्यात शोभी दिसेना की! बटण दाबायचं कधी? पहिले सूर वाया गेले. एकदा ती येण्याआधीच फट्ट, एकदा गादीवर आपटून ती शिव्या देत असताना. शोभीचे कोपर सोलून निघाले, पण थांबू का म्हटलं तर डोळे वटारले. मग माझ्या ध्यानात आलं, डोळ्यांचा उपयोग नाही, कानांचा आहे. शेणानं सारवलेल्या भुईवर अनवाणी पावलं, थप थप थप थप, आणि मग एकदम काहीच नाही. पावलांचा आवाज थांबला की पोरगी हवेत. मी डोळे मिटले. थप थप थप, आणि त्या शांततेत बटण दाबलं.

आता माझी नात तिचा फोन धरते आणि एका उडीचे शंभर फोटो काढते. मग त्यातले नव्व्याण्णव पुसत बसते. काढ बाई, पुस बाई. पण त्या एका गप्प क्षणाला बोट दाबताना छातीत जे व्हायचं, ते तिच्या फोनात नाही, आणि हे मी तिला तोंडावर सांगते.

तो फोटो मोरीत उमटला तेव्हा आम्ही चौघं त्या टिचभर जागेत कोंबून उभे होतो. शोभी जमिनीपासून हातभर वर, आडवी, अंधारात तरंगत. वेणी मागं सरळ ताठ. पुढच्या हाताची बोटं फाकलेली. खेळाची अर्धी चड्डी, पोटरीचा पीळ, तळपायाची माती. तोंड उघडं, दात दिसतायत, डोळे असे की समोर जे असेल ते धरणारच. आणि हनुवटीवर तो वण, लख्ख. शोभी ट्रेवर वाकली. मग फोटोवर बोट न टेकवता, वरूनच फिरवत म्हणाली, "आई शप्पत. मी अशी हाय?" आणि रडायला लागली. मीही रडले. आई म्हणाली, "मडकं एक फुटलंय, ते कोन भरून देनार?" अण्णांनी भिंग काढून फोटो खालपासून वरपर्यंत तपासला आणि स्वतःशीच पुटपुटले, "केस न् केस आलाय."

"रस्त्याकडच्या काचेत लाव," शोभी म्हणाली. मी विचारलं, "खरंच?" तर म्हणाली, "लाव म्हनते न्हवं!"

बाजाराच्या दिवशी सकाळी मी शोकेसमधली कुणीतरी फुलदाणीवाली नवरी काढली आणि तिथं हवेतली शोभी लावली. दुपारपर्यंत ही गर्दी! कोथिंबिरीची पेंडी काखेत धरून बाया बघतायत, पोरं काचेला नाक लावतायत, एक आजोबा म्हणाले, "दोरी बांधली आसंल." आणि गर्दीतून वाट काढत भास्करदादा आला. चेहरा लालभडक.

"अण्णा, उतरवा आधी त्यो फोटो!"

शोकेसची किल्ली माझ्या कमरेला होती. अण्णांनी हात पुढं केला, मी दिली नाही. "अण्णा, तुमीच म्हनता, चांगला फोटो काचेत लावावा. ह्यो चांगला न्हाय, असं म्हना, उतरवते."

अण्णा एकदा माझ्याकडं, एकदा काचेकडं बघत राहिले. आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या पुढं वाकलेला माणूस तो. पण खोटं कसं म्हणणार? हात मागं घेतला. "भास्कर, फोटोत वाईट काय हाय, तेवढं दाव. मंग उतरवतो."

"पाय दिसत्यात पोरीचे! पाव्हणं काय म्हनतील?"

"मैदानावर दिसत्यात तवा कुनी न्हाय मेलं," मी म्हणाले. दादा माझ्यावर वसकन आला, तशी आई पिठाच्या हातानं पडद्याबाहेर येऊन मध्ये उभी राहिली. तेवढ्यात गर्दी आपोआप बाजूला झाली, कारण जी काचेत होती तीच रस्त्यावरून चालत आली होती.

"दादा," शोभी म्हणाली, अगदी सावकाश, "पाव्हण्यांना ह्योच पाठवा. पसंत पडली तर ही पडू द्या. त्या दुसऱ्या फोटोतली वैजीनं पेन्सिलीनं केलीया. तिला लगीन करायचं आसंल तर खुशाल करू द्या, माझं काय म्हननं न्हाय."

बाजारातली माणसं हसली. दादाला ते हसणं झोंबलं, तो तडक निघून गेला. फोटो मात्र पाहुण्यांकडं गेला. शोभीनंच त्याची एक कॉपी मध्यस्थाच्या हातात नेऊन दिली. आठवड्यानं निरोप आला, "हा कसला फोटो? मुलीचा नीट उभा फोटो पाठवा." शोभी म्हणाली, "मला उभी करून ठेवनारं घर नको." स्थळ मोडलं. दादा घरात बोलेना, जेवणाच्या ताटावरसुद्धा तोंड फिरवून बसायचा. शोभीनं माळ्यावरून बूट काढले आणि राज्याला गेली. त्यानं जा म्हटलं नाही, पण आडवाही झाला नाही. तिकडं त्यांचा संघ उपांत्य सामन्यात हरला. मग काय झालं? गेली होती ना! पुढं त्याच जोरावर खेळाची मास्तरीण झाली, आणि गुडघे पार जाईपर्यंत पोरींना सूर मारायला शिकवत राहिली.

ती राज्याला गेली होती त्याच दिवसांत एका संध्याकाळी भास्करदादा स्टुडिओत आला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. काचेतल्या फोटोकडं पाठ करून उभा राहिला. मग अण्णांना म्हणाला, "आमच्या आईला दिसत न्हाय लांबचं. तिला इथवर आनता येत न्हाय. एक कॉपी द्या." अण्णांनी माझ्याकडं बोट केलं. "त्यो फोटो तिचा हाय. तिला इचार."

मी कॉपी काढून काउंटरवर ठेवली. त्यानं हात लावला नाही. खाली बघतच म्हणाला, "वैजू, हनुवटीवरचा डाग तेवढा काढून दे. आईला बघवायचा न्हाय."

माझी पेन्सिल तिथंच होती, टोक केलेली.

"दादा, ह्या फोटोतलं काय बी निघनार न्हाय," मी म्हणाले. "न्यायचा तर डागासकट न्या."

त्यानं अण्णांकडं बघितलं. अण्णा छत्रीवरची धूळ झटकत होते, त्यांनी मान वर केली नाही. दादानं खांद्यावरचा टॉवेल काढला, फोटो त्यात नीट गुंडाळला, आणि डागासकट नेला.